फादर गावी नसताना

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त अमडापूर येथे भरलेल्या मेळाव्यात धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या दिवशी धर्मगुरूने उभे राहून काय बोलावे याचा एक परिपाठ पडून गेला आहे. किती बाप्तिस्मे झाले, किती लग्ने लागली, छप्पर कोणत्या साली घातले, घंटा कोणी दिली हे सांगावे. दात्यांचे आभार मानावे. आणि श्रोत्यांची भूक व आपला घसा यांचा विचार करून खाली बसावे. ते सारे आकडे या स्मरणिकेत अन्यत्र छापले जाणारच आहेत, आणि ते माझ्या स्मरणापेक्षा अधिक शुद्ध असतील. म्हणून आज मी तुम्हांस अशा एका रविवारची हकीकत सांगणार आहे, की ज्या रविवारी येथे काहीच घडले नाही.

मला या धर्मग्रामात येऊन तेव्हा दुसरे वर्ष लागले होते. पावसाळ्याचे दिवस. चिखलीहून अमडापूरकडे येताना वाटेत नाल्याला पूर आला, आणि माझी मोटार अलीकडच्या काठावरच उभी राहिली. मोबाइलला रेंज नव्हती. इकडे तुम्ही मंडळी नऊ वाजल्यापासून जमलेली. कोणी तीन-चार मैल चिखल तुडवीत आलेले, कोणी कडेवर मूल घेऊन आलेले. दहा वाजले, अकरा वाजले. साडेअकराला सर्व जण उठून आपापल्या घरी गेले. त्या अडीच तासांत एक गीत झाले नाही, एक वाचन झाले नाही, एक प्रार्थनादेखील झाली नाही. कारण पुस्तके पेटीत होती, आणि पेटीची किल्ली माझ्या खिशात होती.

पुढील रविवारी मी आलो तेव्हा एका आजीबाईंनी मला विचारले, "फादर, मांगच्या आयतवारी देव नाल्याच्या पल्याडच अटकला व्हता काय?"

सगळे हसले. मीही हसलो. परंतु रात्री जेवावयास बसलो असता तो प्रश्न काही केल्या घशाखाली उतरेना. परमेश्वर सर्वत्र आहे हे या आजींना मीच शिकविले होते. तथापि माझ्या वागण्यावरून त्या निराळेच शिकल्या होत्या: जेथे फादर तेथे देव, आणि जेथे फादरची किल्ली तेथे प्रार्थना!

सेमिनरीत मला तत्त्वज्ञानाचे व ईशज्ञानाचे पाठ मिळाले, आज्ञा पाळावयास शिकविण्यात आले. परंतु दुसऱ्याच्या हाती काम सोपवून आपण स्वस्थ कसे बसावे हे शिकविल्याचे मला स्मरत नाही. कदाचित त्या तासाला मी पेंगत असेन. येथे आल्यावर कोणाचे रेशनकार्ड अडले की मी तहसिलात जाई. कोणास बँकेत खाते उघडावयाचे असले की अर्ज मी लिही, अंगठा किंवा सही तेवढी त्याची. मुलाची शाळा, म्हाताऱ्याचे निराधार अनुदान, बुलढाण्याचा दवाखाना, दोन भावांमधील बांधाचा तंटा, सर्व ठिकाणी मीच. "फादर फार कामाचे आहेत," असे लोक म्हणत, आणि ते माझ्या कानाला गोड लागे. चार वर्षांपूर्वी ज्याचा अर्ज मी लिहून दिला होता, तोच मनुष्य काल पुन्हा तसलाच कोरा अर्ज घेऊन माझ्याकडे आला. त्याला अर्ज मिळाला, विद्या मिळाली नाही. यात त्याचा दोष किती व माझा किती हे देवच जाणे. माझा अधिक असावा.

निर्गम ग्रंथातील मोशेचा सासरा इथ्रो तुम्हांस ठाऊक आहे. जावई सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे तोडीत बसतो, आणि लोक रांग लावून उभे राहतात, हे पाहून त्या म्हाताऱ्याने स्पष्ट सांगितले की, हे बरे नव्हे. अशाने तू थकशील आणि हे लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर विश्वासू माणसे नेम. या कथेवर मी कितीतरी प्रवचने केली आहेत. इथ्रोने मोशेइतकीच लोकांच्या थकण्याची काळजी केली होती, हे मात्र माझ्या ध्यानी फार उशिरा आले. रांगेत उभे राहून मनुष्य थकतो; आणि जो जन्मभर रांगेतच उभा राहिला त्याला आपले पाय आपणांस कोठेतरी नेऊ शकतात याचा विसर पडतो.

आता थोडा इतिहास सांगतो. मराठी कॅथॉलिकांचे जुने मासिक 'निरोप्या' ज्यांनी 1903 साली सुरू केले, ते फादर हेन्री डोरिंग हे जर्मन येशूसंघीय. अहमदनगर जिल्ह्यातील केंदळसारख्या खेड्यातून त्यांनी ते चालविले. 1907 साली ते पुण्याचे बिशप झाले. पुढे 1914 साली पहिले महायुद्ध पेटले, सरकार इंग्रजांचे व धर्मगुरू जर्मन, तेव्हा मुंबई-पुण्याकडील जर्मन धर्मगुरूंना आपले काम व हा देश सोडावा लागला. बिशप डोरिंग यांनाही आपल्या धर्मप्रांतापासून वर्षानुवर्षे दूर राहावे लागले. 1921 साली रोमने त्यांची नेमणूक जपानात हिरोशिमा येथे केली, आणि 1927 साली ते पुन्हा पुण्यास आले. विचार करा, खेड्यापाड्यांतील लोकांनी ज्या पांढऱ्या झग्याकडे पाहून श्रद्धा धरली, तो झगा एकाएकी दिसेनासा झाला. अशा वेळी गावात उरतो तो मास्तर: दिवसा शाळा घेणारा, रात्री धर्मशिक्षण देणारा, मरणाऱ्याच्या उशाशी प्रार्थना म्हणणारा. त्या मास्तरांची नावे कोणत्याही संगमरवरी शिळेवर मला आढळली नाहीत. आपल्यापैकी किती घराण्यांत असा एखादा मास्तर होऊन गेला आहे हे घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांस विचारावे, आणि त्याचे नाव निदान घरच्या बायबलच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवावे.

त्याच युद्धाची दुसरी एक गोष्ट रांचीकडील आहे. फादर हॉफमन या येशूसंघीय धर्मगुरूंनी 1909 साली तेथील आदिवासींकरिता छोटा नागपूर कॅथॉलिक सहकारी पतसंस्था स्थापिली. सावकाराच्या तावडीत सापडून मुंडांच्या जमिनी जात होत्या, त्यावर हा उपाय होता. हॉफमनही जर्मन, 1915 साली त्यांनाही जावे लागले. संस्था मात्र राहिली, कारण ती गावोगावच्या पंचांच्या अंगावर उभी होती. आणि महाराष्ट्रात, वसईस, मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने 1918 साली जी लहानशी कॅथॉलिक पतपेढी निघाली, तिचीच पुढे बसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक झाली. तीही धर्मगुरूने सुरू केली, पण वाढली ती हिशेब ठेवणाऱ्या व कर्ज फेडणाऱ्या लोकांच्या हाती. पोप अकरावे पायस यांनी 1931 साली आपल्या परिपत्रकात हेच तत्त्व सांगितले: लहान मंडळी जे स्वतः करू शकतात, ते मोठ्या मंडळींनी त्यांच्या हातून काढून घेणे हा अन्याय होय. हे मी परीक्षेत लिहून गुण मिळविले होते. किल्ली मात्र खिशातच होती.

यावर तुम्ही म्हणाल, "फादर, वसईत कॅथॉलिक गावेच्या गावे आहेत. आम्ही येथे मूठभर. कोणी चिखलीस, कोणी खामगावाच्या वाटेवर, कोणी कोणाच्या शेतावरील झोपडीत. आम्ही कोठले पुढारी?" ही तक्रार खरी आहे. 1955 साली नागपूरपासून वेगळा होऊन अमरावतीचा धर्मप्रांत झाला, त्यात आपला बुलढाणा जिल्हा येतो; अंतरे मोठी आणि माणसे थोडी, ही त्याची पहिल्यापासूनची स्थिती. परंतु मूठभर असण्याने आपणांस एक वाईट खोड लागली आहे, ती आज बोलून दाखवितो. आपण गावात राहतो, पण गावचे होत नाही. पाणी आले नाही तर म्हणतो, सरपंच बघतील. शाळेत मास्तर आला नाही तर म्हणतो, फादरना सांगू. ग्रामसभेची दवंडी पिटली तर म्हणतो, ते त्यांचे आहे. टेकडीवरच्या देवीच्या यात्रेला दुकान लावावयास आपण जातो, मग टेकडीखालच्या रस्त्याविषयी बोलावयास का जाऊ नये?

1993 साली राज्यघटनेची त्र्याहत्तरावी दुरुस्ती अमलात आली. तेव्हापासून ग्रामसभेस घटनेचा आधार आहे. मतदार यादीत ज्याचे नाव आहे तो प्रत्येक जण तिचा सभासद, त्याने कोणाची परवानगी काढावयाची नाही. आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी स्त्रियांची स्वतंत्र सभा घ्यावी असा कायदा आहे. गणपूर्तीस शंभर मतदार किंवा पंधरा टक्के, यांपैकी जे कमी असेल ते लागतात. तितके न जमल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेस गणपूर्तीचे बंधन राहत नाही. याचा अर्थ नीट समजून घ्या. आपण घरी बसलो म्हणून निर्णय थांबत नाही. तो उरलेल्या पाच-दहा जणांच्या हाती जातो. मग पाच वर्षे आपण त्या पाच-दहा जणांना नावे ठेवीत बसतो, आणि तेही ओट्यावर बसून, सभेत नव्हे.

येथून फार लांब नाही अशा एका गावी आपली एक भगिनी राहते. नाव घेतले तर ती रागावेल. तिच्या गल्लीत नाली नव्हती; सांडपाणी दारात साचे, व लेकरे तापाने पडत. ती माझ्याकडे अर्ज लिहून मागावयास आली. त्या वेळी मी पहिल्यांदा 'नाही' म्हटले, आणि खरे सांगतो, ते म्हणताना मला फार निर्दय वाटले. मी म्हणालो, "ताई, अर्ज तुम्ही सांगा, तुमची मुलगी लिहील, आणि सभेत तुम्हीच वाचा." ती पहिल्या सभेस गेली व न बोलता परत आली. दुसऱ्या सभेत बोलली, पण आवाज फुटला नाही. तिसऱ्या सभेस ती एकटी गेली नाही. गल्लीतील आठ घरच्या बायका बरोबर नेल्या, त्यांत आपली घरे दोनच. तिने ख्रिस्ती लोकांसाठी काही मागितले नाही, गल्लीसाठी मागितले. नाली लगेच झाली असे नाही. वर्ष गेले, खोदाईचे काम त्या आठ घरांनी स्वतःच्या अंगावर घेतले तेव्हा कोठे ती झाली. पुढे गावाने तिला शाळा व्यवस्थापन समितीवर घेतले. 2009 सालच्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे त्या समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. म्हणजे जागा होतीच, बसणारे माणूस नव्हते. आज त्या गावात मी गेलो तर लोक मला विचारतात, "तुम्ही ताईंचे फादर काय?" पूर्वी तिला 'फादरच्या माणसांपैकी' म्हणत. हा फरक मला फार आवडतो.

श्रमदानाची गोष्ट निघाली म्हणून आणखी एका धर्मगुरूंचे स्मरण करतो. फादर हर्मन बाखर हे 1924 साली स्वित्झर्लंडात जन्मलेले येशूसंघीय. त्यांचा काळ मुख्यत्वे अहमदनगर जिल्ह्यात गेला आणि शेतकरी त्यांना बाखरबाबा म्हणत. 1989 साली सुरू झालेल्या इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमामागे त्यांची दृष्टी होती. पैसा परदेशातून येणारा. तो वाटून टाकणे सोपे होते. परंतु त्या कार्यक्रमाचा दंडक असा, की आधी गावाने एकत्र बसावे, सर्व थरांतील माणसे घेऊन समिती निवडावी, मोकाट चराई व झाडतोड बंद करण्याचे ठरवावे, श्रमदान करून दाखवावे. लहान तुकड्यावर काम करून हिशेब चोख ठेवावा. आणि मग मोठे काम हाती घ्यावे. कोणत्या शेतात कोणता बांध घालावयाचा हे त्या शेताच्या मालकाबरोबर त्याच्या बांधावर उभे राहून ठरे. गरिबापासून श्रम मागणे हे आपल्या दयाळू मनाला कठोर वाटते. परंतु ज्याच्याकडून कोणी कधी काही मागत नाही, त्याला गावात कोणी मोजीतही नाही.

आणि हे नगरकडेच घडते असेही समजू नका. आपल्याच जिल्ह्यात मोताळा तालुक्यातील सिंदखेड (जिजाऊंचे सिंदखेड राजा ते निराळे) या गावाने 2018 सालच्या पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात दुसरे बक्षीस साताऱ्याकडील भांडवली गावाबरोबर विभागून मिळविले. एप्रिल-मेचे पंचेचाळीस दिवस, वऱ्हाडातले ऊन, आणि हाती कुदळ-फावडे. आपल्या घाटावरची जमीन उताराची. पाऊस पडतो तो वाहून पायनघाटात उतरतो. तो अडवावयाचा तर एकट्याच्या शेतात अडत नाही. वरच्याने अडविले तर खालच्याच्या विहिरीस पाझर. म्हणून पाणी हे शेजाऱ्यांना एकत्र बसावयास लावणारे मोठे शिक्षक आहे, माझ्याहून पुष्कळच चांगले.

आता आपल्या घरचे. नाल्याच्या त्या रविवारानंतर आपण काय केले? 1983 सालच्या धर्मविधिसंहितेने प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे असे ठरविले आहे. आपल्याकडे ती कागदावर होती. तिची बैठक म्हणजे मी सांगावयाचे व तिघांनी माना डोलवावयाच्या. ती आपण मोडून पुन्हा बांधली. पेटीच्या किल्ल्या तीन झाल्या, तीन घरी. दर महिन्याचा जमाखर्च मिस्सानंतर मोठ्याने वाचावयाचा असे ठरले. पहिला खजिनदार एक तरुण होता. दुसऱ्याच महिन्यात दोनशे साठ रुपयांची तूट निघाली. कुजबूज सुरू झाली. मला दोघांनी गुपचूप सुचविले की वही परत घ्यावी. घ्यावी असे माझ्याही मनात आले होते, हे मी लपवीत नाही. पंधरा दिवसांनी त्या मुलानेच छडा लावला: मेणबत्त्यांसाठी पैसे नेऊन ते लिहावयास विसरलेले गृहस्थ म्हणजे मी! त्याने पुढील रविवारी ते सर्वांसमक्ष, माझ्यासमोर, वाचून दाखविले. त्या दिवशी त्याचा आवाज थोडा कापत होता. माझी मान खाली होती, पण मन हलके होते.

सारेच असे गोड झाले नाही. तरुणांचे मंडळ एक वर्ष टिकले व बंद पडले. ज्यांना शिकवून तयार केले ते पुण्यास, संभाजीनगरास नोकरीस गेले. त्यांना दोष कोणत्या तोंडाने द्यावा? येथे राहतात त्या सुना व आया. म्हणून पुढारीपणाचे शिक्षण प्रथम त्यांस द्यावे असे माझे आता मत झाले आहे. दुसरी गोष्ट अधिक कडू. समितीची निवड व्हावयाची होती तेव्हा एकाच घराण्यातील तीन नावे पुढे आली. आणि चटईच्या कोणत्या टोकाला कोण बसतो, चहाचा कप कोण कोणाला देतो, यावरून मला कळले की, बाप्तिस्म्याच्या पाण्याने जे धुऊन जावयास पाहिजे होते ते आपल्यात कोठेतरी कोपऱ्यात ओल धरून आहे. मी रागावून प्रवचन केले असते तर तुम्ही ऐकून घेतले असते आणि चटई होती तशीच राहिली असती. शेवटी एका वृद्ध गृहस्थांनी तोड काढली: प्रेषितांनी यहूदाच्या जागी मत्थियाची निवड केली ती चिठ्ठ्या टाकून, आपणही तसेच करावे. योग्य माणसांची नावे सर्वांनी सुचवावी, आणि त्यांतून एका लहान मुलाने चिठ्ठ्या उचलाव्या. मुदत दोन वर्षांची, व लागोपाठ दुसऱ्यांदा नाही. ज्याला आपण आजवर शेवटी चहा देत होतो, त्याच्याकडे एक किल्ली गेली. दोन घरे महिनाभर मिस्साला आली नाहीत. मग आली.

गेल्या पावसाळ्यात मला पुन्हा यावयास उशीर झाला, या वेळी नाल्यामुळे नव्हे, तापामुळे. धर्मगुरू नसता रविवारची प्रार्थना लोकांनी कशी करावी याविषयी रोमने 1988 सालीच मार्गदर्शन केले आहे. ते मराठीत सोप्या शब्दांत लिहून आपण पेटीत ठेवले होते. मंडळी जमली, पेटी उघडली, वाचने झाली. दुसरे वाचन कोणी करावे यावरून थोडा वाद झाला असे मला नंतर कळले, आणि थेस्सलनीकाकरांचे नाव काही वाचणाऱ्याच्या तोंडी बसले नाही. पवित्र मिस्साची जागा त्याने भरून निघाली नाही, निघूही नये. संस्काराची ती तहान तुम्हांला राहावी अशीच माझी इच्छा आहे. पण आजीबाईंनी मला त्यानंतर देव कोठे अडकला होता असे विचारले नाही. "बरं वाटते का आता?" एवढेच विचारले.

पुढल्या उन्हाळ्यात माझी बदली होणार हे तुम्हांस ठाऊक आहे. मला थांबवून घेण्यासाठी बिशपांकडे सह्यांचा अर्ज न्यावा असे काही मंडळींनी ठरविले आहे, हेही माझ्या कानी आले. त्या प्रेमाचा मी ऋणी आहे. परंतु तो अर्ज नेऊ नये. त्याऐवजी त्याच सह्या घेऊन येत्या ग्रामसभेस जावे. शाळेच्या मागच्या बाजूची भिंत पडली आहे, त्या शाळेत आपली लेकरे थोडी व गावाची पुष्कळ आहेत. अर्ज कोणी लिहावयाचा ते स्त्रियांच्या मंडळाने आज जेवणानंतर ठरवावे.

जेवणापूर्वी मात्र एक काम राहिले आहे. महोत्सवाच्या वर्गणीचा जमाखर्च आपल्या नव्या खजिनदारबाई आता वाचून दाखवितील. मंडपाच्या खर्चाविषयी ज्यांना शंका आहे त्यांनी ती येथेच विचारावी, बाहेर चुलीपाशी नको. मीही एक विचारणार आहे. बाई, या पुढे. ही खुर्ची तुमची. मी तिकडे चटईवर बसतो.